तोंड जाळलेले फोटो

१

कोंडू गोजराचं डोकं त्याच्याच घरच्या वरवंट्याने फोडलं होतं. पहिल्या घावातच तो गेला असणार, पण मारणाऱ्याचं तेवढ्याने भागलं नव्हतं. वर आणखी दोन-तीन घातले होते. शेणव्याच्या कमळू पाटलाने आजवर कोयत्याने तुटलेले, कड्यावरून पडलेले, जनावराने ओढलेले पुष्कळ मुडदे पाहिले होते. तरी कोंडूच्या घरात पाय टाकला आणि त्याने आधी तोंड दाराकडे फिरवलं.

कोंडूची बायको जनी उजाडायच्या आधी मोहाची फुलं वेचायला गेली होती. चैत्रात गावातल्या साऱ्याच बायका जातात. परत येऊन तिने दार ढकललं आणि टोपली तिथेच टाकली. फुलं रक्तात पसरली होती आणि त्यांच्या गोड वासाने माश्या दुप्पट जमल्या होत्या.

"पाटील, भिंतीकडं बघा," मागून कुणीतरी म्हणालं.

कोंडूची भिंत साऱ्या गावाला ठाऊक होती. शेणव्याच्या बँडात तो सूर धरायचा. म्हणजे सनईवाला चाल वाजवतो तेव्हा शेजारी बसून एकच सूर न तोडता फुंकत राहायचं. नाव कुणी घेत नाही, पण तो थांबला तर सगळं कोसळतं. मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीचा विसार आला तेव्हा बाकीच्यांनी घड्याळं घेतली, याने पेटीसारखा कॅमेरा आणला आणि दिसेल ते टिपलं. आसनगाव स्टेशनात बोचकी घेऊन बसलेली मंडळी. मुंबईत कंपनीच्या खोलीत रेकॉर्ड भरताना. मग लाल कोट आणि पितळी बटणं. मुरबाडच्या बाजारात हॉटेलवाल्याने रेकॉर्डचा भोंगा रस्त्याकडे फिरवलाय आणि माणसं झाडावर चढून ऐकताहेत. कुणा जमीनदाराच्या लग्नात हार घालून मोटारीत बसलेले. सव्वा वर्षापूर्वी ज्यांना लग्नघरी मागच्या पंगतीला बसवत, त्यांचं हे वैभव कोंडूने बांबूच्या काड्यांनी कुडाच्या भिंतीवर टोचून ठेवलं होतं.

आज त्यातल्या प्रत्येक फोटोत एका माणसाच्या तोंडाच्या जागी काळं, वाटोळं भोक होतं. खाली फुंकणी पडली होती. चुलीत लाल करून तिनेच डागलं असावं.

"सगळीकडं एकच तोंड जाळलंय," गर्दीतून आवाज आला. "ढोलवाल्याचं. लडकूचं!"

"काल बाजारात त्यानंच कोंडूचा गळा धरला व्हता. 'मुडदा पाडीन' बोलला, मी ऐकलंय!"

"कोंडूनं रागानं त्याची तोंडं जाळली, त्यानं सकाळी येऊन बघितली आन् घातला वरवंटा. अजून काय पायजे?"

कोयते बाहेर निघाले. पंचवीस-तीस माणसं लडकूच्या घराकडे धावली, आणि कमळू पाटील धोतराचा सोगा खोचून त्यांच्या पुढे धावला. लडकू त्याचा जावई होता.

२

माणसं पोचायच्या आत पाटलाने लडकूला अंगणात गाठलं. तो ढोलाच्या दोऱ्या ताणत बसला होता. पाटलाने एक शब्द न बोलता त्याच्या कानशिलात अशी ठेवून दिली, की तो ढोलावर आडवा झाला. वर दोन लाथा घातल्या.

"मामा! काय केलं मी?"

"गप! तोंड उघडलंस तर दात पाडीन!"

गर्दी आली तेव्हा लडकूच्या तोंडातून रक्त येत होतं आणि पाटील त्याचे हात काढणीने करकचून बांधत होता. सासराच जावयाला तुडवतोय म्हटल्यावर लोकांचे कोयते थोडे खाली आले. जमावाचा राग कुणीतरी आधीच काढलेला असला की पुढचा हात आखडतो, हे पाटील जाणून होता. हे त्याची मुलगी हिरी जाणत नव्हती. ती दारात उभी होती, पोटात सातवा महिना.

"बा," ती एवढंच म्हणाली, "आजपासून तू मला मेलास."

पाटलाने लडकूला ओढत चावडीवर नेलं आणि खांबाला बांधलं. शहापूरच्या फौजदारांना निरोप गेलाच होता. दुपार टळताना ते येणार, पंचनामा करणार आणि लडकूला घेऊन जाणार. पुढे फास. पाटलाच्या हातात तेवढाच वेळ होता.

लोक जरा पांगले तसा तो खांबाशी वाकला. "आता बोल. भांडण कशापायी?"

"कोंडू बोलला मी बँड सोडतो," लडकू रक्त थुंकत म्हणाला. "लगनसराई तोंडावर आलीय, सुपाऱ्या घेतल्यात. इचारलं का, तर बोलतो, 'हे वाजणं पापाचं हाय. मास्तर गावापुढं बोलला नाय तर मीच बोलंन.' कसलं पाप, ते सांगंना. माझं टाळकं सणकलं. पण मी नाय मारला, मामा. पोराची शप्पथ."

पोर अजून जन्मायचं होतं. पाटलाने मान फिरवली.

३

तो एकटाच परत कोंडूच्या घरी गेला. जनीला शेजारणींनी ओसरीवर धरून बसवलं होतं. आत मढ्यावर घोंगडी टाकली होती. पाटील भिंतीपाशी गेला आणि एकेक फोटो बघू लागला.

मोटारीतल्या फोटोवर रक्ताचे शिंतोडे उडाले होते. एक जाड थेंब बरोबर भोकाच्या कडेवर होता. पाटलाने नख लावलं. अर्धा थेंब वाळलेल्या रक्तासारखा तांबूस होता. भोकाकडचा अर्धा फुगून, करपून कोळसा झाला होता.

पाटील थेंबाकडे पुन्हा वाकला.

रक्त आधी उडालं, डाग नंतर दिला. म्हणजे फोटो कोंडूने जाळलेच नव्हते. कोंडू मेल्यावर त्याच्या मारेकऱ्याने जाळले. आणि लडकू म्हणजे सणकी माणूस. तो डोकं फोडील आणि ओरडत गावभर पळेल. पायाशी मढं असताना चूल फुंकत, फुंकणी तापवत, आपलंच तोंड एकेका फोटोतून जाळत बसायला त्याला काय वेड लागलं होतं?

हे लडकूच्या गळ्यात घालण्यासाठी केलं होतं. फौजदाराला एक करपलेला थेंब दाखवून फास सुटणार नव्हता. माणूस हवा होता.

आधी बुधू. बँडात झांज वाजवायचा आणि मिळेल ते प्यायचा. तो झाडाखाली बसून रडत होता.

"मला इचारू नका पाटील. माझा भाऊ गेला."

पाटलाने बिडी पुढे केली. बुधूला ती ओठात धरायला तीनदा हात न्यावा लागला. पेटवायला पाटलालाच काडी धरावी लागली. त्या हातांनी तांदळाच्या पापडाला भोक पाडता आलं नसतं, मग फोटोतलं बोराएवढं तोंड नेमकं कुठून डागणार? बुधू सुटला.

उरला धाऊ मास्तर, बँडाचा सनईवाला. त्यानेच गावापुढे बोलावं असं कोंडू म्हणाला होता. रेकॉर्डवर नाव त्याचं, लाल कोटावर सोनेरी फीत त्याची. पण धाऊ आणि कोंडू यांचं वाकडं कुणी कधी पाहिलं नव्हतं. कुठलंही गाव धाऊवर बोट ठेवणार नाही.

पाटील पुन्हा भिंतीपुढे उभा राहिला, आणि आता त्याला दुसरी गोष्ट दिसली. सगळ्या फोटोंत भोक तोंडावर बरोबर बसलं होतं. फक्त एकात चुकलं होतं. तो कंपनीच्या खोलीतला फोटो, बाकीच्यांच्या चौपट मोठा. त्यात लडकू ढोल घेऊन खाली बसला होता आणि त्याच्या मागे धाऊ सनई छातीशी धरून उभा होता. इथे लडकूचा कान, कपाळ, अर्धी मिशी शाबूत होती. भोक वर सरकून धाऊची छाती आणि सनईचं टोक गिळून बसलं होतं.

सारी तोंडं नीट डागणारा हात एकाच ठिकाणी कसा चुकेल? तो चुकला नव्हता. बाकीची भोकं नुसती सोबतीला होती.

"जने," पाटील ओसरीवर येऊन हळूच म्हणाला, "ह्या मोठ्या फोटोत काय व्हतं गो?"

जनीने डोळे पुसले. "तो परवाच कल्याणहून मोठा करून आणला. आणल्यापासून अन्न गोड लागंना त्यांना. सारखं तिथंच बघत. आन् मला इचारलं, 'रंगूबाबाच्या गळ्यात कवडी व्हती ती कशी गो?' मी सांगितलं, एका कडंला फुटकी."

रंगूबाबाला मरून सव्वा वर्ष झालं होतं.

४

रंगूबाबाची गोष्ट शेणव्याला कोण विसरेल? खरा सनईवाला तोच. धाऊ तेव्हा त्याचा नुसता जोडीदार. पौषात म्हसाच्या जत्रेत कंपनीच्या माणसाने रंगूबाबाची सनई ऐकली आणि माघात मुंबईला बोलावलं. निघायच्या आदल्या सकाळी रंगूबाबा डोळखांबच्या देवाला नारळ द्यायला म्हणून गेला तो आलाच नाही. म्हातारा कुठे पिऊन पडला असेल म्हणून बँड त्याच्यावाचून मुंबईला गेला, धाऊने त्याच्या जागी सनई वाजवली आणि नशीब फळफळलं. मंडळी परतली तेव्हा कड्याखाली रंगूबाबा सापडला होता. कोल्ह्यांनी ओळख पटण्यापुरताच ठेवला होता. पाय घसरला असं सगळे म्हणाले, पाटीलही म्हणाला.

पाटील आधी हिरीच्या घरी गेला. कंपनीच्या खोलीतल्या फोटोची छोटी प्रत तिथे होती. कोंडूने ती बँडातल्या सगळ्यांना दिली होती. हिरी बापाकडे पाठ करून बसली. पाटलाने फोटो उजेडात धरला. सनईला दोऱ्यासारखं काही लोंबत होतं आणि त्यात एक पांढरा ठिपका, तांदळाच्या कणीएवढा. त्यावरून शपथ घेता येत नव्हती. मोठ्या फोटोत मात्र तो ठिपका कवडी झाला असणार.

धाऊ मास्तर लाल कोट घालून तयारच होता. बँडातला माणूस गेला की त्याला सनई वाजवत न्यायचं, ही त्यांची रीत. पुढ्यात ताडपानाच्या नव्या पत्त्या मांडल्या होत्या. सनईच्या तोंडाशी ही पत्ती बसवतात, ओठात धरतात. सगळा आवाज तिचा. धाऊने एक फुंकली आणि फेकली. दुसरी फुंकली, तीही फेकली.

"मुक्या हायत सगळ्या," तो म्हणाला. "बसा पाटील. कोंडूसारखा सूर आता कोण धरील?"

"कंपनीच्या फोटोत तुझ्या सनईला कवडी व्हती का रे, धाऊ?"

धाऊने तिसरी पत्ती उचलली. "कवडी? कोटाचं बटण चमकलं आसंल."

"कोट तर रेकॉर्डनंतर शिवलेत."

"मग उजेडाची तिरीप आसंल," धाऊ हसला. "पाटील, जावयासाठी जीव तुटतो, समजतं मला. पण रंगूबाबा गेला त्या दिवशी मी मुरबाडला केस कापायला गेलो व्हतो, सकाळपासून सांजपर्यंत. त्याचं तोंडबी नाय बघितलं. फौजदाराला पुन्हा सांगीन."

"ह्या मुक्या, मग आज वाजवणार कशावर?"

धाऊने नुसती मूठ मिटली. "हाय एक."

पाटील तिथून निघाला तो थेट रंगूबाबाच्या म्हातारीकडे. बाईजाकाकी दारात नाचणी निवडत होती.

"काकी, रंगूबाबाची कवडी कुठं गेली?"

"जनावरानं ओढली आसंल," म्हातारी म्हणाली. "कवडी जाऊंदे रे. तिच्या दोऱ्यात त्याच्या पत्त्या व्हत्या. सनईवाल्याच्या पत्त्या त्याच्या सरणावर ठेवायच्या असतात, नायतर तो श्वास शोधत हिंडतो. माझा म्हातारा हिंडतोय, कमळू. मला रात रात झोप नाय."

"पत्त्या तूच बांधायचीस ना?"

"मीच. काळ्या दोऱ्यानं. पण त्या सकाळी दोरा संपला व्हता. मुंबईला जायचं म्हणून नव्या बांधल्या, मग डोक्याचे केस उपटले आन् केसांनीच बांधल्या. म्हातारा हसला. बोलला, आता मुंबईत तुझाच आवाज निघंल. गळ्यात घालून गेला. एकदाबी वाजवल्या नायत बिचाऱ्यानं."

वेशीकडे टांग्याची घुंगरं वाजली. फौजदार आले होते.

५

फौजदारांनी मढं पाहिलं, भोकं पाहिली, करपलेल्या थेंबाची हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "पाटील, आरोपी तुमचा जावई. तुमच्या थेंबावर कोर्ट विश्वास ठेवणार नाही. अंत्यविधी उरका, मी त्याला घेऊन निघतो."

"बँडातला माणूस हाय, साहेब. मसणापर्यंत त्याला चालू द्या. बांधलेलाच राहूंदे."

कोंडूची तिरडी उचलली. धाऊने सनई ओठाला लावली. रेकॉर्डवरचाच तो आवाज, थोडा घोगरा, रडून बसलेल्या गळ्यासारखा. पाटील तिरडीमागून चालत होता. मुरबाडच्या हॉटेलात त्याने हा आवाज शंभरदा ऐकला होता. आज मात्र मन एकवटून ऐकला आणि त्याला म्हसाची जत्रा आठवली. हा आवाज धाऊचा नव्हताच कधी. बाईजाने बांधलेल्या पत्तीचा तो आवाज.

आणि मग साऱ्या गोष्टी एकामागून एक आपल्या जागी बसल्या. धाऊने वरवंटा टाकला, फोटो जाळले, कवडी कुठल्याशा डोहात फेकली असेल. सनईवाला सोनं टाकील, बायको टाकील, पण बोलती पत्ती टाकणार नाही. आणि ती लपवायची तरी कशाला? दुसऱ्याच्या उष्ट्या पत्तीला कुणी वाजंत्री बोट लावत नाही. सव्वा वर्ष ती साऱ्या मुलुखापुढे धाऊच्या तोंडात होती.

मसणवटीत लाकडं रचली होती. पाटील पुढे झाला. "धाऊ, सनई दे."

धाऊच्या डोळ्यांत पहिल्यांदा भीती दिसली. त्याने सनई मागे ओढली. पाटलाने डाव्या हाताने त्याचा जबडा धरून असा दाबला की दात करकरले, आणि उजव्या हाताने सनई हिसकली. पत्तीबरोबर ओठाचं कातडं निघालं. रक्त कोटावर सांडलं.

"काकी! ही बघ!"

धाऊने लाकडांतली कुऱ्हाड उचलली. पाटील वळेपर्यंत पहिला घाव त्याच्या खांद्यात बसला होता. दुसरा मानेवर येणार तोच बांधल्या हातांचा लडकू डोकं खाली घालून धाऊच्या पोटात घुसला. दोघे सरणावर कोसळले. लडकूचे हात बांधलेलेच होते. त्याने धाऊच्या मनगटात दात रोवले आणि कुऱ्हाड सुटेपर्यंत सोडले नाहीत. मग गाव तुटून पडलं. फौजदारांनी हवेत गोळी झाडली नसती तर सरणावर दोन मढी चढली असती.

सगळं थांबलं तेव्हा बाईजाकाकी पत्ती डोळ्यांशी धरून उभी होती. पत्तीच्या बुडाला दोऱ्याऐवजी केस गुंडाळले होते, पांढरे, थुंकीने पिवळे पडलेले.

"माझे केस," ती म्हणाली. "त्या सकाळचे."

खांद्यावर पंचा दाबत पाटील म्हणाला, "साहेब, ह्या पत्त्या रंगूबाबा त्या सकाळी गळ्यात घालून गेला, तो जिता आला नाय. हा बोलतो त्या दिवशी त्याचं तोंड बघितलं नाय, मुरबाडला व्हता. मग ही ह्याच्या तोंडात आली कुठून?"

धाऊ जमिनीवर पडल्या पडल्या हसला. हसताना ओठातून रक्ताचे बुडबुडे आले.

"म्हातारा बोलला, तुला मुंबईला नेत नाय, तुझा श्वास तुटतो," तो म्हणाला. "बारा वर्षं त्याच्या शेजारी बसलो. कड्यावर बोलला हे. ढकलला. दोरा गळ्यातून ओढून घेतला, आन् कंपनीत पहिल्याच फुंकीला कळलं, ह्या पत्त्यांशिवाय मी कोण नाय. ही शेवटची राहिली व्हती. कोंडू बोलला, म्हातारीला परत दे, गावापुढं बोल, मग मी गप बसतो. परत देऊ? आन् वाजवू काय?"

फौजदारांनी बेड्या काढल्या आणि धाऊच्या हातात घातल्या.

पाटलाने एका हाताने लडकूची काढणी सोडली. मनगटं सोलून निघाली होती. डोळा सुजून बंद झाला होता. तो सकाळच्या थपडेचा.

"मामा, खांदा वाहतोय," लडकू म्हणाला.

गर्दीच्या कडेला हिरी उभी होती. बायका मसणात येत नाहीत. आज बाईजा आली म्हणून मागोमाग तीही आली होती. तिने पदर फाडला, बापाच्या खांद्याला घट्ट गुंडाळला आणि म्हणाली, "हलू नको." दिवसभरात ती त्याच्याशी बोललेला तो दुसरा शब्द. पाटील लहान पोरासारखा रडला.

सरण पुन्हा रचलं. सनई वाजवायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून लडकूने सोललेल्या हातांनी एकट्याने ढोल धरला. बुधूची झांज थरथरत कशीबशी साथीला आली. जनीने नवऱ्याचा कॅमेरा आणला होता, तो उराशी धरून ती उभी होती.

अग्नी द्यायच्या आधी बाईजाकाकी पुढे आली. पत्ती तिने पदराने पुसली, धाऊचं उष्टं, रक्त, सगळं. मग कोंडूच्या फुटलेल्या डोक्याशी वाकली आणि ती त्याच्या मुठीत ठेवून बोटं एकेक करून मिटली.

"कोंडू," ती म्हणाली, "वाटेत माझा म्हातारा भेटंल रे तुला. त्याची त्याला दे."